स्वातंत्र्याची तीर्थे कशी पाहावीत?



या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले, त्यात विषय त्यांनीच घालून दिला होता : 'स्वातंत्र्यलढ्याची तीर्थस्थाने'. चालकांचा शब्द मोडण्याची आमची प्राज्ञा नाही. उन्हाळ्याच्या या दिवसांत आपण घरचा पंखा सोडून येथे सतरंजीवर येऊन बसला आहात, तेव्हा जो विषय जाहीर झाला तोच आपल्यापुढे मांडणे हा आमचा धर्म आहे. मात्र 'तीर्थस्थाने' या शब्दाशी आमचे थोडेसे भांडण आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आम्ही रस्ता सोडला असे कोणाला वाटणार नाही.

तीर्थाला माणूस पाहायला जात नाही, दर्शनाला जातो. पंढरीच्या वारकऱ्याला कोणी विटेची लांबीरुंदी विचारली, तर तो विचारणाऱ्याकडे दयेने पाहील, आणि त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गाभाऱ्यात शिरले की डोळे आपोआप मिटतात, हात जुळतात, आणि बाहेर येताना मन हलके झालेले असते. आमची तक्रार एवढीच, की हीच सवय घेऊन आपण हुतात्म्यांच्या जागी जातो. तेथेही हात जोडतो, डोळे मिटतो आणि हलक्या मनाने बाहेर पडतो. आमच्या मते तेथे विटेची लांबीरुंदीच विचारली पाहिजे. असे का, हे आम्ही तीन जागांच्या आधाराने सांगणार आहोत. तिन्ही ठिकाणी आम्ही स्वतः जाऊन आलो आहोत. पहिल्या ठिकाणी तर दोनदा.

ते पहिले ठिकाण म्हणजे अमृतसरचे जालियनवाला बाग. आम्ही प्रथम गेलो ते १९९४ साली, एका प्रवासी मंडळाबरोबर. सुवर्णमंदिरापासून बाग चार पावलांवर आहे. संध्याकाळी वाघ्याच्या सरहद्दीवरचा सोहळा गाठायचा, म्हणून मंडळाच्या व्यवस्थापकांनी बागेला पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटे फोटो काढण्यात गेली, दहा मिनिटे लस्सीत गेली, आणि उरलेल्या वेळात आमच्यातल्या बहुतेकांनी हात जोडले. आम्हीही जोडले. आम्ही काही वेगळे होतो असे नाही. परंतु आत जाताना आमच्या बरोबरचे एक सेवानिवृत्त ओव्हरसियर त्या प्रवेशाच्या बोळात थांबले. दोन्ही बाजूंना जुन्या विटांच्या साध्या भिंती. त्यांनी दोन्ही हात पसरले, एका भिंतीकडे पाहिले, दुसऱ्या भिंतीकडे पाहिले, आणि म्हणाले, "यातून मोटार जायची नाही." आम्हाला त्या वेळी हसू आले. घरी आल्यावर पुस्तके उघडली तेव्हा कळले की, त्या दुपारच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या गृहस्थांनी नकळत आमच्या हाती दिली होती.

झाले होते ते असे. रौलट कायद्याविरुद्ध देशात चळवळ पेटली होती. १० एप्रिल १९१९ रोजी अमृतसरचे दोन पुढारी, डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू, यांना पकडून शहराबाहेर नेण्यात आले. एक हिंदू, एक मुसलमान. दोघेही लोकांच्या गळ्यातले ताईत. त्यांना सोडा म्हणून निघालेल्या जमावावर गोळीबार झाला, माणसे मेली, आणि चवताळलेल्या जमावाने शहरात पाच युरोपियनांना ठार केले. शेरवूड नावाच्या एका मिशनरी बाईला बेदम मारहाण झाली. तिला वाचविले तेही तिथल्याच हिंदी लोकांनी. हा भाग आपल्या व्याख्यानांत बहुधा गाळतात. तो गाळू नये. तो सांगितल्याने १३ तारखेच्या अपराधाचे वजन तोळाभरही कमी होत नाही.

१३ एप्रिल हा बैसाखीचा दिवस, आणि रविवार. ब्रिगेडियर-जनरल डायरने सकाळी शहरात सभाबंदीची दवंडी पिटविली. ती सगळ्या शहरात पोचली नाही, आणि खेड्यांतून सणाला आलेल्यांच्या कानी तर मुळीच पडली नाही. दुपारी बागेत सभा भरली. बाग म्हणजे नावाचीच बाग. घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली ओसाड, सखल जागा, बाहेर पडायला मोजक्या चिंचोळ्या वाटा. डायर आला तो नव्वद शिपाई घेऊन. त्यांतल्या पन्नासांजवळ बंदुका होत्या आणि चाळीस गुरख्यांजवळ नुसत्या कुकऱ्या. त्याच्याबरोबर मशिनगनी बसविलेल्या दोन चिलखती मोटारीही होत्या. त्या मोटारी बोळात शिरेनात, म्हणून त्या बाहेर ठेवून तो पायी आत गेला. आत शिरताच जो उंचवटा लागतो त्यावर त्याने डावीकडे पंचवीस, उजवीकडे पंचवीस असे शिपाई उभे केले आणि इशारा न देता गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटे तो चालला. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. जेथे गर्दी दाट, म्हणजे जेथे लोक बाहेर पडण्यासाठी धडपडत होते, तेथे नेम धरविला गेला. गोळ्या संपत आल्या तेव्हा बार थांबले. जखमींना पाणी पाजण्यासाठीही कोणी मागे थांबले नाही.

पुढे हंटर समिती नेमली गेली. तिच्यापुढे डायरची साक्ष झाली. समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी डायरला विचारले, की वाट पुरेशी रुंद असती आणि मोटारी आत जाऊ शकल्या असत्या, तर आपण मशिनगनी चालविल्या असत्या काय? डायरने उत्तर दिले, की बहुधा चालविल्या असत्या.

मंडळी, या उत्तराचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. किती माणसे मरायची हे त्या दिवशी ठरविले ते डायरच्या दयेने नव्हे, त्या बोळाच्या रुंदीने. तो बोळ या खटल्यातला साक्षीदार आहे. ओव्हरसियरसाहेबांनी हात पसरून जी मोजणी केली, तीच मोजणी सेटलवाडांनी आपल्या प्रश्नात केली होती.

काँग्रेसनेही आपली निराळी चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या मंडळींनी पंजाबात फिरून शेकडो साक्षी लिहून घेतल्या. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांच्याच नावाचे आहे, पण पंजाबातले त्यांचे हे काम तेथे अभ्यासाला बसणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, कोण जाणे. त्या साक्षींत रतनदेवी नावाच्या बाईंची एक साक्ष आहे. बागेजवळ राहणाऱ्या या बाई गोळीबाराचा आवाज ऐकून धावल्या आणि प्रेतांच्या राशीत त्यांना आपला नवरा सापडला. प्रेत घरी न्यायला खाट हवी होती. माणसे आणायला पाठविली. पण आठ वाजले होते, आणि आठनंतर जो रस्त्यावर दिसेल त्याला गोळी घालू असा हुकूम होता. कोणी आले नाही. रात्रभर त्या बाई प्रेताशेजारी बसून राहिल्या. कुत्री येऊ नयेत म्हणून कुठूनशी एक बांबूची काठी उचलून त्यांनी हाती धरली. जवळच बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा जखमी होऊन पडला होता. तो म्हणाला, मला सोडून जाऊ नका. त्याने पाणी मागितले. पाणी तेथे नव्हते. आम्ही १९९४ साली बागेत गेलो, तेव्हा ही साक्ष वाचलेली नव्हती. वाचून गेलो असतो तर लस्सी गळ्याखाली उतरली नसती.

मृतांचा आकडा किती? सरकारी चौकशीचा आकडा ३७९. काँग्रेसचा अंदाज सुमारे हजाराचा. अमृतसरच्या उपायुक्तांच्या कचेरीत ४८४ नावांची यादी आहे. आकडे जुळत नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे : सरकारने मेलेल्यांची मोजदाद हाती घेतली तीच काही महिने उलटल्यावर. त्या वेळी शहरात लष्करी कायदा चालून गेलेला होता. शेरवूडबाईंना जेथे मारहाण झाली त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे, असा हुकूम त्याच डायरने काढला होता. अशा राज्यात आपला मुलगा सभेला गेला होता, असे सांगायला कोण आपण होऊन पुढे येणार?

जाता जाता एक दुरुस्ती. उधमसिंगाने डायरला मारले, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. शाळेतल्या भाषणांत तर नेहमीच. डायर १९२७ सालीच रोगाने मेला. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगाने गोळी घातली ती पंजाबचा माजी लेफ्टनंट-गव्हर्नर मायकेल ओडवायर याला, ज्याने डायरच्या कृत्याला मान्यता दिली होती. नावे सारखी, म्हणून घोटाळा.

आता आमच्या दुसऱ्या भेटीविषयी. ती २०२३ साली झाली. मध्यंतरी शताब्दीच्या निमित्ताने बागेचे नूतनीकरण झाले होते आणि २८ ऑगस्ट २०२१ रोजी ती लोकांसाठी पुन्हा खुली करण्यात आली होती. बोळ तेथेच आहे; पण त्याच्या भिंतींवर आता माणसांच्या उठावाच्या आकृती बसविल्या आहेत. बैसाखीला निघालेले स्त्रीपुरुष, मुले. ज्यांनी जिवाच्या आकांताने उड्या घेतल्या, असे सांगतात, त्या विहिरीभोवती काच आली आहे. दिवे आहेत, ध्वनी आहे. देशातल्या आणि परदेशातल्या काही इतिहासकारांनी याला तेव्हाच हरकत घेतली होती. सरकारची बाजूही सांगितली पाहिजे : जागा मोडकळीला येत होती, येणाऱ्यांना काही कळत नव्हते, त्यांना कळावे म्हणून हे केले. हेतूविषयी आम्हाला शंका नाही. त्या आकृतींपुढे उभी राहून मुले आनंदाने फोटो काढीत होती, आणि त्यात मुलांचाही दोष नाही. आम्ही मात्र त्या बोळात उभे राहून हात पसरून पाहिले, आणि आमच्या बोटांना जुनी वीट लागली नाही. साक्षीदाराला नवे कपडे घालून, पावडर लावून कोर्टात उभे करावे, तसे काहीसे आम्हाला वाटले. सुदैवाने गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत अजून उभी आहे. छत्तीस खुणा तीवर मोजता येतात. आपण गेलात तर ती शोधून काढावी, आणि गोळ्या कोणत्या उंचीवर लागल्या तेही पाहावे.

दुसरे ठिकाण अंदमान. महाराष्ट्रातल्या माणसाला अंदमान म्हटले की एकच नाव आठवते, आणि ते साहजिक आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे १९११ साली पोचले, वडील बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तेथे होते, आणि 'माझी जन्मठेप' आमच्या पिढीने तर लहानपणीच वाचली. आम्ही गेलो तेव्हा त्या कोठडीपुढे रांग लागली होती. आमच्या मंडळीतल्या एका आजीबाई तर उंबऱ्यावर डोके टेकून बराच वेळ उठल्याच नाहीत. त्यांच्या भक्तीला आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त त्या रांगेत उभे असताना आमच्या मनात आले, की या तुरुंगात जवळजवळ सातशे कोठड्या होत्या, आणि रांग एकीपुढेच आहे.

हा तुरुंग १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला. मध्ये मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती. दर कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. यातली खुबी आम्हाला तेथे उभे राहिल्यावर कळली : एका इमारतीतल्या कोठड्यांची दारे दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहेत. म्हणजे गजांतून बाहेर पाहिले तर समोर माणूस दिसत नाही. आंधळी भिंत दिसते. एकाच तुरुंगात असून दोघा सख्ख्या भावांची दीर्घ काळ गाठ पडली नाही, हे पुस्तकात वाचले होते. ते कसे शक्य झाले, हे त्या भिंतीने दाखविले. कोणा एंजिनियराने कागदावर हा नकाशा काढला असेल. माणसाला माणूस दिसू नये, एवढ्यासाठी केलेले हे बांधकाम आहे.

मनोऱ्यात संगमरवरी शिलांवर कैद्यांची नावे कोरली आहेत, प्रांतवार. सर्वांत जास्त बंगालची. आम्ही ती वाचीत बसलो, आणि आमच्या मंडळींना बसपाशी आमची वाट पाहावी लागली. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याची शिक्षा येथलीच. इंदुभूषण राय याने १९१२ साली कोठडीत गळफास लावून घेतला. उल्हासकर दत्ताचे डोके फिरले. १९३३ साली अन्नसत्याग्रह झाला तेव्हा नळीने दूध पोटात घालण्याच्या धडपडीत महावीरसिंग, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र असे तिघे दगावले. महावीरसिंग हा भगतसिंगाच्या खटल्यातला आरोपी. ही नावे आपल्याकडे कोणी घेत नाही. बंगाल्यात आमची नावे कितपत घेतात, तेही पाहायला हवे. हा हिशेब दोन्हीकडून थकलेला आहे.

सातांपैकी आज तीनच इमारती उभ्या आहेत. दोन जपानी अमलाच्या सुमारास गेल्या. आणखी दोन पाडल्या त्या आपणच, स्वातंत्र्यानंतर, आणि त्या आवारात १९६३ साली गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचे रुग्णालय झाले. तेथे शिक्षा भोगलेले राजबंदी हयात होते. त्यांनी विरोध केला, म्हणून उरलेले वाचले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हे राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. रुग्णालयाविषयी आम्हाला निकाल देता येत नाही. समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर बाळंतपणाला नडलेल्या बाईला इमारतीचा इतिहास कोण सांगणार? पण इमारत पाडायला सरकारी कागदावरची एक सही पुरली, आणि ती थांबवायला मात्र पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना पुन्हा उभे राहावे लागले, हे आम्ही विसरू शकत नाही.

अंदमानची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती सांगताना जीभ अडखळते. मार्च १९४२ मध्ये जपानने ही बेटे घेतली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकविला. तो दिवस आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावा. परंतु त्याच दिवसांत, याच तुरुंगात, जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून पकडलेली शेकडो बेटवासी माणसे मार खात होती. त्यांत डॉ. दिवाणसिंग होते. डॉक्टर, पंजाबी कवी, आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले पुढारी. अतोनात छळ होऊन जानेवारी १९४४ मध्ये ते मेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हम्फ्रीगंज येथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. जपान्यांनी नेताजींच्या भोवती असा पहारा ठेवला होता, की या माणसांचे गाऱ्हाणे त्यांच्या कानी पोचले नाही, असे म्हणतात. आम्हाला ते पटते. पण ज्या कोठड्यांत इंग्रजांचे बंदी होते त्याच कोठड्यांत आपल्या मित्राचे बंदीही होते, हे त्या कोठड्यांना ठाऊक आहे, आणि वाटाड्या जर सांगत नसेल तर आपण त्याला विचारले पाहिजे. आमच्या वाटाड्याला आम्ही विचारले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, माझे आजोबा त्यांत होते. पण हे ऐकायला कोणी येत नाही."

वेळ होत आला; अध्यक्षांचे लक्ष घड्याळाकडे गेलेले आम्ही पाहिले. तिसरे ठिकाण घराजवळचे आहे. अमृतसर-अंदमानला जाण्याची ऐपत प्रत्येकाला असते असे नाही. आपल्याकडे चिरनेर आहे, वडूज आहे, चिमूर आहे. ज्या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले त्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे सोलापूर आहे. आम्ही गेलो ते नंदुरबारला.

९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'चले जाव'च्या ठरावाला महिना होत असताना, नंदुरबारच्या शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता. वय वर्षे पंधरा. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघे. घरी गुजराती बोलणारे आणि घरी मराठी बोलणारे, एकाच शाळेच्या वयाचे. स्मारक भर बाजारात आहे. फुलांनी सजविलेले कुंपण वगैरे आम्ही गेलो त्या दिवशी नव्हते; भाजीच्या हातगाड्या होत्या, मोटारसायकली लावलेल्या होत्या, आणि स्मारकाच्या सावलीत एक म्हातारी कोथिंबीर निवडीत बसली होती. खरे सांगायचे तर आम्हाला ते बरे वाटले. ती मुले याच बाजारातली होती.

समोरच्या एका दुकानात आम्ही चौकशी केली, की मिरवणूक कोणत्या बाजूने आली आणि पोलीस कोठे उभे होते. दुकानदार सत्तरीचे असतील. त्यांनी आमच्याकडे वर-खाली पाहिले आणि विचारले, "पेपरवाले का?" आम्ही नाही म्हटले. "मग सरकारी?" तेही नाही म्हटले. तेव्हा ते पायरी उतरून खाली आले. म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला जसं दाखवलं, तसं दाखवतो. चला." आणि त्या उन्हात, हातगाड्यांमधून वाट काढीत, ते आम्हाला घेऊन चालू लागले. एके ठिकाणी थांबले, मागे वळले, हाताने दाखवीत म्हणाले, "मुलं इथं. ते तिथं. आता तुम्ही पावलं मोजा." आम्ही मोजली. आमच्या मोजण्यात चूक झाली असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी ती पुन्हा मोजायला लावली. परत आलो तेव्हा दुकान उघडेच होते, गल्ल्यावर कोणी नव्हते, आणि एक गिऱ्हाईक पायरीवर बसून त्यांची वाट पाहत होते.